समुद्र स्मरणातून रंगवणारा खलाशी

इंग्लंडच्या नकाशात नैर्ऋत्येकडे जमिनीचे एक लांबट टोक अटलांटिक महासागरात शिरलेले दिसते. हा कॉर्नवॉल परगणा. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर सेंट आइव्हज हे छोटेसे बंदर वसले आहे. उन्हाळ्यात येथील अरुंद दगडी गल्ल्यांतून पर्यटकांच्या गर्दीमुळे वाट काढणे कठीण होते. पोर्थमिऑर किनाऱ्यासमोर १९९३ साली उभे राहिलेले टेट कलासंग्रहालय, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचा बागेसह जतन केलेला स्टुडिओ, बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हामादा यांनी १९२० मध्ये सुरू केलेली कुंभारशाळा आणि मासळीच्या जुन्या वखारींत थाटलेल्या चित्रशाळा ही येथील प्रमुख आकर्षणे. एकेकाळी मासळीवर जगणारे हे गाव आज समुद्रकिनारा आणि कला यांच्या बळावर जगते.

या गावाच्या कलेतिहासात एक नाव मात्र सर्वांपेक्षा वेगळे आहे. या माणसाने चित्रकलेचा एकही धडा घेतला नव्हता. वयाची सत्तरी जवळ येईपर्यंत त्याने हाती कुंचला धरला नव्हता. त्याची चित्रे आज मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहेत. त्याचा अखेरचा श्वास मात्र गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात गेला. अल्फ्रेड वॉलिस हे त्यांचे नाव.

शिडांच्या जहाजांवरचे तारुण्य

वॉलिस यांचा जन्म ८ ऑगस्ट १८५५ रोजी डेव्हन परगण्यातील डेव्हनपोर्ट येथे झाला. आईवडील मूळचे कॉर्नवॉलमधील पेन्झन्सचे. घरची परिस्थिती बेताची होती आणि आईचे छत्र लवकरच हरपले. पोरवयात टोपल्या विणणाऱ्याकडे काही काळ उमेदवारी केल्यानंतर वॉलिस यांनी समुद्राची वाट धरली. विशीत पोहोचेपर्यंत ते शिडांच्या जहाजांवर खलाशी झाले होते. उत्तर अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत जाणाऱ्या व्यापारी गलबतांवर त्यांनी काम केले. बर्फाळ वारे, हिमनगांची भीती आणि डोलकाठीवर चढून शीड आवळण्याचे जीवघेणे काम या साऱ्याचा अनुभव त्यांना त्या वयातच आला.

१८७६ साली, विशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सुसान वॉर्ड या विधवेशी विवाह केला. सुसान त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या होत्या आणि त्यांना पहिल्या विवाहाची पाच मुले होती. खलाशाच्या तुटपुंज्या कमाईवर वॉलिस एकदम मोठ्या कुटुंबाचे कर्ते झाले. त्यांना स्वतःची दोन अपत्ये झाली, पण दोन्ही तान्हेपणीच दगावली. या आघातानंतर त्यांनी दूरच्या सफरी सोडल्या आणि किनाऱ्यालगतची मासेमारी व पडेल ते कष्टाचे काम पत्करले.

मासळीचे गाव, चित्रकारांचे गाव

१८९० मध्ये हे कुटुंब सेंट आइव्हजला आले. त्या वेळी गावात दोन निराळी जगे शेजारी शेजारी नांदत होती. पहिले जग कोळ्यांचे. तारलीच्या कुळातील पिलचार्ड मासळीचे थवे किनाऱ्याला येत. ती मासळी खारवून पिंपांत भरली जाई आणि थेट इटलीपर्यंत पाठवली जाई. जॉन स्मीटन या प्रख्यात अभियंत्याने अठराव्या शतकात बांधलेल्या धक्क्याच्या आसऱ्याला होड्यांची दाटी असे.

दुसरे जग चित्रकारांचे. १८७७ मध्ये आगगाडी गावात आली आणि तिच्याबरोबर चित्रकारही येऊ लागले. तीन बाजूंनी समुद्र असल्यामुळे येथला प्रकाश वेगळाच असतो, अशी या गावाची ख्याती झाली. पुढे मासळी कमी होत गेली तशा जाळी ठेवण्याच्या माड्या ओस पडू लागल्या. चित्रकारांनी त्या भाड्याने घेतल्या, छपरांना काचेच्या खिडक्या बसवल्या आणि तेथे स्टुडिओ थाटले. खाली कोळी जाळी सांधत आणि वर चित्रकार समुद्र रंगवत, असे दृश्य पोर्थमिऑर भागात अनेक वर्षे दिसत असे. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्या बालपणीचे उन्हाळेही याच गावात गेले. खाडीच्या मुखाशी उभे असलेले गॉड्रेव्हीचे दीपगृह त्यांच्या कादंबरीतून साहित्यात अजरामर झाले.

वॉलिस पहिल्या जगातले. त्यांनी बंदरावर जहाजांच्या जुन्या सामानाचे दुकान घातले. फाटकी शिडे, कुजके दोरखंड, गंजके लोखंड विकत घ्यायचे आणि गिऱ्हाईक मिळेल तसे विकायचे, असा तो व्यवसाय होता. गावातील मासेमारीला उतरती कळा लागली तसा त्यांचा धंदाही बसला. १९१२ मध्ये दुकान बंद झाले. त्यानंतर ते मिळेल ती किरकोळ कामे करीत राहिले. काही काळ एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडेही त्यांनी काम केले. आयुष्यातील कलावस्तूंचा काय तो परिचय येथेच झाला असावा.

एकाकीपणातून उगवलेली चित्रे

१९२२ मध्ये सुसान यांचे निधन झाले. सेंट आइव्हजच्या बॅक रोड वेस्टवरील तीन क्रमांकाच्या लहानशा घरात वॉलिस एकटे उरले. सावत्र मुलांशी त्यांचे फारसे पटत नव्हते. रिकामे घर खायला उठत होते. सोबत हवी म्हणून, १९२५ च्या सुमारास, या म्हाताऱ्या खलाशाने चित्रे काढायला सुरुवात केली.

कॅनव्हास आणि नळीतले रंग ही त्यांच्या आवाक्यातील गोष्ट नव्हती आणि त्यांना त्यांचा सोसही नव्हता. वाण्याकडून आणलेल्या खोक्यांचे पुठ्ठे हाच त्यांचा कॅनव्हास. पुठ्ठा तिरका फाटलेला असेल तर चित्रही त्याच तिरक्या आकारात बसे. होड्या रंगवण्यासाठी मिळणारा रंग हाच त्यांचा रंग. काळा, पांढरा, राखाडी, तपकिरी आणि गडद हिरवा एवढ्यावर त्यांचे भागत असे. जमीन किंवा वाळू दाखवायची असेल तेथे ते पुष्कळदा पुठ्ठ्याचा मूळ रंग तसाच उघडा ठेवत.

अंतर आणि आकार यांचे शाळेत शिकवले जाणारे नियम त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या चित्रात बंदर वरून पाहिल्यासारखे, तर त्यातील होड्या बाजूने पाहिल्यासारख्या दिसतात. जी गोष्ट महत्त्वाची ती मोठी, एवढा एकच नियम ते पाळत. परंतु जहाजाच्या बाबतीत त्यांची चूक काढणे अवघड होते. कोणत्या वाऱ्याला कोणते शीड उभारायचे, लाटेवर गलबत किती कलते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर हातांनी शिकलेले होते. लाब्राडोरच्या सफरीचे त्यांचे एक चित्र आज टेट संग्रहालयात आहे. ते काढले तेव्हा त्या थंड समुद्रावरील दिवसांना साठ वर्षे होत आली होती.

वॉलिस समोरचा समुद्र पाहून चित्र काढत नसत. ते आठवून काढत. शिडांची जहाजे जाऊन वाफेची आणि इंजिनाची जहाजे आली होती. कोकणच्या बंदरांतून गलबते नाहीशी झाली तेव्हा जुन्या तांडेलांच्या मनात जी हुरहूर दाटली असेल, तीच येथेही होती. आपण गेलो की हे सारे विस्मृतीत जाईल, या जाणिवेने त्यांनी पुठ्ठ्यामागून पुठ्ठा रंगवला. टेबल, मडकी, भाता अशा घरातल्या वस्तूही त्यांनी सोडल्या नाहीत. रविवारी मात्र ते कुंचल्याला हात लावत नसत. तो दिवस बायबलच्या वाचनाचा.

उघड्या दारातून लागलेला शोध

ऑगस्ट १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वूड हे दोन तरुण चित्रकार एका दिवसाच्या सहलीसाठी सेंट आइव्हजला आले. पोर्थमिऑर किनाऱ्याकडून परतताना एका घराचे दार उघडे दिसले. आतील भिंतीवर वेड्यावाकड्या पुठ्ठ्यांवर रंगवलेली होड्यांची आणि घरांची चित्रे खिळ्यांनी ठोकलेली होती. दोघांनी आत जाऊन काही चित्रे तेथेच विकत घेतली. वॉलिस तेव्हा ७३ वर्षांचे होते.

कलाशाळांत मुरलेल्या या दोघांना जे साधत नव्हते ते एका अशिक्षित खलाशाने सहज साधले होते. वूड यांनी काही आठवडे सेंट आइव्हजमध्येच मुक्काम ठोकला आणि ते वॉलिस यांच्याकडे वारंवार जात राहिले. दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, वूड यांचा मृत्यू झाला. त्यांच्या अखेरच्या काळातील होड्या आणि बंदरे यांच्या चित्रांवर वॉलिस यांची छाया स्पष्ट दिसते. निकल्सन पुढे ब्रिटनमधील आधुनिक कलेचे एक अग्रणी ठरले. चित्र म्हणजे खिडकीतून दिसणारा देखावा नसून स्वतःचे वजन असलेली एक वस्तू आहे, हा विचार त्यांच्यात रुजवण्यात वॉलिस यांच्या पुठ्ठ्यांचा वाटा होता.

निकल्सन यांच्यामुळे लंडनच्या टेट गॅलरीत काम करणारे जिम ईड यांना वॉलिस यांची चित्रे पाहायला मिळाली. मग वॉलिस चित्रांचे गठ्ठे टपालाने पाठवू लागले. ईड आपल्याला परवडतील तेवढी ठेवून घेत आणि बाकीची परत करीत. एका चित्राची किंमत असे काही शिलिंग. ईड यांचा हा संग्रह पुढे केंब्रिज येथील त्यांच्या केटल्स यार्ड या घरात आला आणि १९६६ मध्ये ते घर संग्रहासह केंब्रिज विद्यापीठाच्या स्वाधीन झाले. वॉलिस यांची शंभराहून अधिक चित्रे आज तेथे आहेत.

लंडनच्या कलावर्तुळात नाव पोहोचले तरी सेंट आइव्हजमध्ये फारसे काही बदलले नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते एक विक्षिप्त म्हातारे होते. पोरे त्यांची टिंगल करीत. बोटी रंगवायच्या रंगाने खोक्यांवर काढलेल्या चित्रांना शहरातले लोक पैसे मोजतात, याचे गावाला नवल वाटे. ऐकू येईनासे झाले, दृष्टी मंदावली, मनात संशय आणि भास यांनी घर केले. शिलिंगांत मिळणाऱ्या मोबदल्याने म्हातारपणाची तजवीज होणे शक्यच नव्हते.

अखेरचा मुक्काम

निराधार, वृद्ध आणि दुर्बळ माणसांना ठेवण्यासाठी इंग्लंडमध्ये वर्कहाउस नावाच्या संस्था होत्या. १९३० नंतर कागदोपत्री त्यांचे रूप बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आणि त्या नावाची दहशतही. तेथे जाणे म्हणजे चारचौघांत पत जाणे, आणि तेथे मरणे म्हणजे भिकाऱ्याच्या खड्ड्यात पुरले जाणे, अशी ती भीती होती. आयुष्यभर कष्टाने पोट भरलेल्या वॉलिस यांनाही ती होती. अंत्यविधी इभ्रतीने व्हावा म्हणून त्यांनी थोडे पैसे बाजूला टाकून ठेवले होते.

जून १९४१ मध्ये त्यांना पेन्झन्सजवळील मॅड्रनच्या वर्कहाउसमध्ये हलवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धामुळे तोवर निकल्सन, हेपवर्थ आणि त्यांचे मित्र सेंट आइव्हजजवळच्या कार्बिस बे येथे राहायला आले होते. त्यांनी वॉलिस यांना वह्या आणि रंग पुरवले. त्या वह्यांतून आश्रयगृहातील खाटेवरूनही जहाजे निघत राहिली. २९ ऑगस्ट १९४२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, वॉलिस यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांची जी अवहेलना होणार होती ती टळली. लेखक व चित्रकार एड्रियन स्टोक्स यांनी पुढाकार घेतला आणि साल्व्हेशन आर्मीच्या विधीने सेंट आइव्हजच्या बार्नून दफनभूमीत त्यांचे दफन झाले. सात वर्षांनी, १९४९ मध्ये, स्वेन बर्लिन यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले.

वॉलिस यांच्याशी मित्रांनी न्याय केला की नाही, हा प्रश्न कलेच्या इतिहासात आजही निघतो. त्यांची चित्रे नाममात्र किमतीत गेली, हे खरे. ज्यांनी ती घेतली त्यांतील अनेकांची स्वतःची स्थिती त्या काळी ओढग्रस्तीची होती आणि त्यांनी ती घेतली नसती तर हे पुठ्ठे बहुधा चुलीत गेले असते, हेही खरे. पण कौतुक आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वॉलिस यांना पहिली उदंड मिळाली; दुसरी पुरेशी मिळाली नाही. गावाने तर दोन्हीही फार उशिरा दिल्या.

बॅक रोड वेस्टवरील त्यांच्या घरावर आता नावाचा फलक आहे. तेथून टेट संग्रहालय काही पावलांवर आहे आणि संग्रहालयाच्या वरच्या उतारावर बार्नूनची दफनभूमी. वॉलिस यांच्या थडग्यावर पुढे बर्नार्ड लीच यांनी स्वतः भाजलेल्या फरश्या बसवल्या. त्यांवर एक प्रचंड दीपगृह आहे आणि त्याच्या पायथ्याच्या दारातून आत शिरणारा काठी टेकत आलेला एक लहानसा खलाशी. वॉलिस यांनी स्वतः अनेकदा रंगवलेला हा विषय. सेंट आइव्हजला जाणाऱ्याने टेटमधून बाहेर पडल्यावर थोडी चढण चढून तेथवर जावे. ज्या समुद्राच्या आठवणीवर या माणसाची शेवटची वर्षे तगली, तो तेथून अखंड दिसतो.