छत्तिसाव्या वर्षी एम.एस.

आमच्या गल्लीतली एक मुलगी इलेक्ट्रिकलमध्ये बी.ई. झाली. तिला पुढे एम.टेक. करायचंय, आणि घरात मात्र स्थळं बघणं सुरू. परवा तिची आई माझ्याकडे येऊन बसली, तेव्हा मी तिला एडिथ क्लार्कची गोष्ट सांगितली. मैत्रिणींनो, तीच तुम्हालाही सांगते.

एडिथ १८८३ साली अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जन्मली. नऊ भावंडं. ती बारा वर्षांची होईतो आईवडील दोघंही गेले, थोरल्या बहिणीने सांभाळलं. वारशाचे थोडे पैसे हाती आले, ते तिने व्हासार कॉलेजात गणित आणि खगोलशास्त्र शिकण्यात घातले. (आपल्याकडे मुलीच्या नावचे पैसे कशासाठी राखून ठेवतात, ते मी काय सांगू!) १९०८ मध्ये पदवी, मग शिक्षिकेची नोकरी. पण मन इंजिनिअरिंगकडे. विस्कॉन्सिन विद्यापीठात सिव्हिलला प्रवेश घेतला, तो अर्धवट सोडून टेलिफोन कंपनीत आकडेमोडीचं काम धरलं. दिवसा आकडे, रात्री कोलंबिया विद्यापीठात वर्ग. शेवटी १९१८ मध्ये थेट एम.आय.टी. गाठली आणि १९१९ मध्ये तिथून इलेक्ट्रिकलची एम.एस. झाली. हे करणारी ती पहिलीच बाई. वय छत्तीस!

इथे मुलीच्या आईने नेमका प्रश्न विचारला, मग नोकरी लागली का?

नाही लागली. खोटं कशाला सांगू? इंजिनिअर म्हणून बाईला कुणी घेईना. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने घेतलं, तेही आकडेमोड करणाऱ्या मुलींवर देखरेख करायला. तिथे बसून तिने लांब पल्ल्याच्या वीजवाहिन्यांची किचकट गणितं झटपट सोडवणारं एक साधन शोधलं. १९२१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९२५ मध्ये मिळालं. तरी पद नाही, पगारही कमीच. मग सरळ नोकरी सोडून ती तुर्कस्तानात मुलींच्या कॉलेजात शिकवायला निघून गेली. वर्षभराने परतली, तेव्हा त्याच कंपनीने तिला इंजिनिअर म्हणून घेतलं. १९४५ पर्यंत ती तिथे होती. पुढे टेक्सास विद्यापीठात दहा वर्षं प्राध्यापक. १९५९ मध्ये गेली. तिच्या नावाची गणिती पद्धत वीज शिकणारी मुलं आजही शिकतात.

आई चहा संपवून उठली. दारात चपला घालताना म्हणाली, फॉर्मची शेवटची तारीख मुलीला विचारते, पण तिच्या बाबांशी बोलायला तुम्ही याल का?

रविवारी जायचंय.