सल्ल्याची अमानत : जनरल थोरात

ऑक्टोबर १९५९ मध्ये लखनौच्या पूर्व कमांड मुख्यालयातून एक टिपण दिल्लीला रवाना झाले. त्याचा विषय होता ईशान्य सीमेचे, म्हणजे तेव्हाच्या 'नेफा'चे आणि आजच्या अरुणाचल प्रदेशाचे संरक्षण. चीनने मनात आणले, तर हाताशी असलेल्या फौजेनिशी ही सीमा राखता येणार नाही, असा त्या टिपणाचा निष्कर्ष होता. खाली सही होती लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांची. लष्करप्रमुखांनी टिपण मान्य केले आणि संरक्षणमंत्र्यांकडे पाठवले. तिथे ते अडकले. तीनच वर्षांत हिमालयाच्या उतारांवर देशाने त्याची किंमत चुकवली.

हे टिपण लिहिणारे सेनानी आपल्या कोल्हापूरचे. १२ ऑगस्ट १९०६ रोजी वडगावात त्यांचा जन्म झाला. तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. त्याच वर्षी महाराजांच्या पुढाकाराने शहरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली. जातीपातीची आणि धर्माची कुंपणे ओलांडून माणसे पुढे यावीत, अशी हवा या संस्थानात वाहत होती. वडगावच्या मराठा घरातला मुलगा इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात पोहोचला, तो याच काळात. त्या महाविद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला जेमतेम दहा जागा असत. तिथले शिक्षण संपवून १९२६ मध्ये थोरात लष्करी अधिकारी झाले.

ते दाखल झाले १४ व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत. या एका पलटणीची कथा म्हणजे उपखंडाच्या इतिहासाचा छोटा नकाशाच आहे. पुढे याच पलटणीत अयूब खान आले, मोहनसिंग आले, शाहनवाज खानही आले. दुसऱ्या महायुद्धात मलायात ही पलटण जपान्यांपुढे हरली. मोहनसिंगांनी युद्धकैद्यांमधून आझाद हिंद फौज उभारली आणि शाहनवाज खान त्या फौजेचे सेनानी म्हणून लाल किल्ल्यातील खटल्यात उभे राहिले. फाळणीत १४ वी पंजाब रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. अयूब खान तिकडे लष्करप्रमुख झाले आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये त्यांनी देशाची सत्ताच हाती घेतली. मेस एक, कवायत एक, शिस्तीचे पुस्तकही एक. वाटा मात्र चार. थोरातांची वाट यांतली सर्वांत कमी गाजलेली.

युद्धात त्यांचे नाव झाले ते ब्रह्मदेशात. आराकानच्या किनारपट्टीवर लढणाऱ्या ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी होते. गोऱ्या साहेबांच्या त्या फौजेत ही दुर्मीळ गोष्ट होती. एका पलटणीचे प्रमुख होते कोडगूचे थिमय्या, दुसऱ्या बलुच पलटणीचे बंगालचे एल. पी. सेन आणि तिसऱ्या, म्हणजे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे थोरात. थोरातांच्या हाताखाली पंजाबी मुसलमान, शीख आणि डोगरा जवान होते. जानेवारी १९४५ मध्ये कांगॉ येथे जपान्यांची माघारीची वाट रोखण्यासाठी घनघोर लढाई झाली. तिथली 'मेलरोज' नावाची टेकडी थोरातांच्या पलटणीने जिंकली. तिघाही कमांडरांना 'डीएसओ' हा शौर्याचा सन्मान मिळाला. कांगॉची ही तीन नावे ध्यानात ठेवायला हवीत. सतरा वर्षांनंतरच्या कथेत ती पुन्हा एकत्र येतात.

फाळणीने पलटणींच्याही वाटण्या केल्या. काल एका चुलीवर जेवलेले जवान दोन देशांचे झाले. थोरातांनी ज्या पलटणीसह मेलरोज घेतली, ती भारतात राहिली आणि पुढे 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स'ची पहिली पलटण झाली.

१९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले थिमय्या आणि कैद्यांच्या राखणीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख झाले थोरात. बावीस हजारांहून अधिक चिनी आणि कोरियन कैदी, राखायला पाच-सहा हजार भारतीय जवान. दक्षिण कोरियाच्या सरकारचा भारतीयांवर इतका राग, की त्यांचे पाय आपल्या भूमीला लागू नयेत म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरने त्यांना थेट तटस्थ पट्ट्यात उतरवावे लागले. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले. बळाचा वापर करावा, तर ग्रेवालांचा जीव जाणार आणि शेकडो कैद्यांचेही मुडदे पडणार. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले, खवळलेल्या जमावाशी बोलले आणि ग्रेवालांना सुखरूप बाहेर घेऊन आले. या धैर्याबद्दल त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन मिळाले. आज त्याच सन्मानाला कीर्ती चक्र म्हणतात.

१९५७ मध्ये पूर्व कमांडची सूत्रे थोरातांकडे आली. त्याच वर्षी थिमय्या लष्करप्रमुख झाले आणि व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री. मेनन बुद्धीने तल्लख आणि जिभेने धारदार. संरक्षण सामग्री देशातच तयार व्हावी, हा त्यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता. पण धोका पाकिस्तानकडून आहे, चीनकडून नाही, या मतावर ते ठाम होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्यांत त्यांचा हात फिरू लागला, तशी सेनापतींमध्ये नाराजी वाढली. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला. पंतप्रधान नेहरूंनी समजूत घातली आणि त्यांनी तो मागे घेतला. पण दोनच दिवसांनी संसदेत नेहरूंनी हे प्रकरण किरकोळ ठरवले आणि थिमय्यांची बाजू लंगडी पडली.

यामागे आणखी एक सावली होती. सीमेपलीकडे अयूब खानांनी सत्ता घेऊन वर्षही झाले नव्हते. लोकप्रिय सेनापती म्हणजे संशयाचा विषय, असे दिल्लीत काहींना वाटू लागले होते. थिमय्या आणि थोरात दोघेही जवानांचे लाडके. त्यामुळे संशयाच्या या धुक्यात त्यांचे साधे व्यावसायिक मतही काहींना कुरघोडीसारखे दिसे.

अशा वातावरणात थोरातांनी ते टिपण लिहिले. ऑगस्टमध्येच लोंगजू येथे चिनी सैनिकांनी आसाम रायफल्सच्या ठाण्यावर हल्ला केला होता आणि नेफाची सीमा लष्कराकडे सोपवण्याच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. थोरातांचा हिशेब सरळ होता. मॅकमहोन रेषा डोंगरांच्या माथ्यावर. आपल्या बाजूला रस्ते नाहीत, रसद खेचरांनी, हमालांनी किंवा विमानातून टाकून न्यायची. पलीकडे तिबेटच्या पठारावर चिनी रस्ते सीमेजवळ येऊन ठेपलेले. म्हणून सीमेवर फक्त टेहळणीची ठाणी ठेवावीत. त्यांनी शत्रूची चाहूल द्यावी, जमेल तितका त्याला रखडवावे आणि मागे यावे. खरी लढाई बोमडिलासारख्या मागच्या जागी द्यावी, जिथे आपली रसद वेळेवर पोहोचेल आणि शत्रूची ताणली जाईल. त्यासाठी किती फौज लागेल, हेही त्यांनी मांडले. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या युद्धसरावात हाच आराखडा तपासून पाहिला गेला. निष्कर्ष बदलला नाही.

थोरातांनी पुढे आत्मचरित्रात लिहिल्याप्रमाणे, मेनन यांना हा सारा प्रकार भीती पसरवणारा वाटला आणि टिपण पंतप्रधानांपर्यंत गेलेच नाही.

उर्दूतला 'अमानत' हा शब्द मराठीलाही परका नाही. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. इस्लामी परंपरेत सल्लाही अमानतच मानला जातो. ज्याला विचारले, त्याने समोरच्याचे मन राखण्यापेक्षा सत्य राखावे. थोरातांनी ही ठेव चोख परत केली. पण अमानतीला दुसरीही बाजू असते. ज्याच्या हातून ती पुढे जायची, त्यानेही ती मधेच अडवायची नसते. सल्ला नाकारण्याचा हक्क लोकशाहीत लोकनियुक्त सरकारला पूर्णपणे आहे. सेनापतीने सांगितले म्हणून मंत्र्याने मान डोलवावी, असे कुणी म्हणणार नाही. मात्र निर्णय घेणाऱ्यापर्यंत तो सल्ला पोहोचायला हवा. इथे तोच दुवा तुटला.

१९६१ मध्ये थिमय्या निवृत्त होणार होते. आपल्या जागी थोरात यावेत, अशी त्यांची शिफारस होती. सरकारने प्राणनाथ थापर यांना निवडले. सेवाज्येष्ठतेत थापर वरचे होते, त्यामुळे कागदोपत्री हा निर्णय नियमबाह्य नव्हता. पण स्पष्ट बोलणाऱ्याला बाजूला ठेवले, अशीच लष्करात अनेकांची भावना झाली. मेनन यांच्या मर्जीतले बी. एम. कौल सेना मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफच्या मोक्याच्या जागेवर आले. मे महिन्यात थिमय्यांपाठोपाठ थोरातांचाही गणवेश उतरला. त्यांनी पत्रकार बोलावले नाहीत, गट जमवला नाही, जवानांपुढे गाऱ्हाणे मांडले नाही. पूर्व कमांडची सूत्रे कांगॉचेच साथीदार एल. पी. सेन यांच्याकडे देऊन ते लष्करातून बाहेर पडले.

त्यानंतर धोरण नेमके उलट दिशेने गेले. पुरेशी फौज नाही, रस्ते नाहीत, तरी सीमेला भिडून ठाणी उभी करण्याचा हुकूम सुटला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी फौजांनी नामका चू नदीकाठची आपली ब्रिगेड उद्ध्वस्त केली. काही दिवसांत तवांग पडले. नोव्हेंबरच्या मध्याला सेला खिंड गेली आणि लगोलग बोमडिलाही. थोरातांनी जिथे पाय रोवून लढायचे सुचवले होते, ती ही जागा. पण तिथे मोर्चेबांधणी करायला लागणारी तीन वर्षे हातची गेली होती. संपूर्ण युद्धात सुमारे १,४०० जवान कामी आले आणि जवळपास ४,००० कैद झाले. कांगॉचे तिघे वीर या काळात कुठे होते? थिमय्या घरी, थोरात घरी, आणि सेन पूर्व कमांडच्या खुर्चीत, दुसऱ्यांनी आखलेली लढाई लढताना.

मेनन यांना पद सोडावे लागले. थापर यांनीही राजीनामा दिला. संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले यशवंतराव चव्हाण. त्याच पडझडीच्या दिवसांत नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले. त्या भेटीत थोरातांनी आपल्या जुन्या आराखड्याची हकीकत सांगितली. हा कागद आपल्याला दाखवला कसा गेला नाही, याचे पंतप्रधानांना आश्चर्य वाटले, असे थोरातांनी नोंदवून ठेवले आहे. हिशेब चुकते करण्याची याहून चांगली संधी मिळाली नसती. पण थोरातांनी ती तशी वापरली नाही. थिमय्यांसह ते राष्ट्रीय संरक्षण परिषदेत दाखल झाले आणि मागितला तो सल्ला पुन्हा देऊ लागले.

थोरातांचा आराखडा अमलात आला असता, तर युद्ध जिंकलेच असते, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. युद्धात शत्रूही डोके चालवतो, आणि सांगितलेली फौज व रस्ते उभे करायला पैसा लागला असता. तो तेव्हा गरीब देशाकडे कितपत होता, हाही प्रश्नच. पण धोका आहे हे माहीत असून हरणे आणि माहीत नसताना हरणे यांत फरक आहे. देशाच्या प्रमुखाला निदान पहिल्या स्थितीत ठेवणे शक्य होते.

पुढे थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले आणि उत्तरायुष्य कोल्हापुरात घालवले. आपल्या सैनिकी आयुष्याची हकीकत त्यांनी लिहून ठेवली. ऑगस्ट १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

एका पलटणीत घडलेल्या दोन अधिकाऱ्यांकडे पुन्हा पाहावे. नेते चुकत आहेत, असे अयूब खानांना वाटले आणि त्यांनी सत्ता घेतली. त्या देशात लष्कराची ती सवय नंतर सुटली नाही. नेते चुकत आहेत, असे थोरातांनाही वाटत होते आणि पुढे ते खरेही ठरले. त्यांनी आपले मत कागदावर मांडले, खाली सही केली, मान्य झाले नाही तरी हुकूम पाळला आणि वेळ आली तेव्हा गावी परतले. भारतीय लष्कर आजवर छावणीतच राहिले, त्यामागे घटना आहे, परंपरा आहे, तसेच अन्याय वाटूनही मर्यादा न ओलांडणाऱ्या अशा माणसांचा संयमही आहे.

आपल्या गावातही शाळेच्या समितीत, सहकारी बँकेत, दर्ग्याच्या वा देवळाच्या ट्रस्टमध्ये कुणीतरी असे एखादे टिपण लिहीत असते. कुणीतरी ते वाचून कपाटात ठेवून देते. थोरातांच्या आयुष्यातून घ्यायचे तर या दोघांनीही काही घ्यावे. लिहिणाऱ्याने खरे लिहावे आणि सही करावी. ज्याच्या हाती ते आले, त्याने ते पुढे पाठवावे.