ज्या घराला पुढचं दारच नव्हतं : मेडगर एव्हर्स यांच्या मारेकऱ्याला शिक्षा व्हायला 31 वर्षं का लागली?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जॅक्सन नावाचं शहर आहे. तिथल्या एका घराला पुढच्या बाजूने दारच नाही. घरात शिरायचं तर बाजूला गाडी लावतात तिथून. मुलांच्या गाद्या खाली जमिनीवर, म्हणजे खिडकीतून गोळी आली तरी वरून निघून जावी. बाहेर खट्ट झालं की जमिनीवर पालथं पडायचं, हे तिन्ही मुलांना शिकवलेलं.

हे घर होतं मेडगर एव्हर्स यांचं. त्यांचा गुन्हा काय, तर कृष्णवर्णीयांना मत देता यावं आणि त्यांच्या मुलांना चांगल्या शाळेत बसता यावं, एवढंच ते मागत होते.

एव्हर्स यांचा जन्म 2 जुलै 1925 चा, मिसिसिपीतल्या डिकेटर गावचा. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यातून युरोपात गेले, नॉर्मंडीत होते. 1946 मध्ये परत आल्यावर भाऊ चार्ल्स आणि काही मित्रांसोबत ते गावात मत द्यायला गेले. समोर बंदुका घेतलेला गोऱ्यांचा जमाव उभा होता. हिटलरशी लढून आलेल्या माणसाला स्वतःच्या गावात मत न देता परत फिरावं लागलं.

पुढे शिक्षण झालं, मर्ली बीझली यांच्याशी लग्न झालं. मग विमा विकायची नोकरी धरली. त्या कामासाठी गावोगाव फिरताना कापसाच्या शेतांवर राबणाऱ्यांची गरिबी त्यांनी जवळून पाहिली. 1954 च्या सुरुवातीला त्यांनी मिसिसिपी विद्यापीठात कायदा शिकायला अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्यांना राज्यातला आपला पहिला पूर्णवेळ कार्यकर्ता नेमलं.

वेळ मोठी कठीण होती. शाळांमध्ये वर्णभेद चालणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने मे 1954 मध्ये दिला होता. दोनच महिन्यांत मिसिसिपीतल्या इंडियानोला गावात 'सिटिझन्स कौन्सिल' उभी राहिली. यात तोंड झाकून फिरणारे गुंड नव्हते. बँकवाले, व्यापारी, वकील, पुढारी असे गावातले प्रतिष्ठित गोरे होते.

त्यांची पद्धत बघा. 1955 मध्ये याझू सिटीतल्या 53 कृष्णवर्णीयांनी शाळांतला भेद संपवा, अशा अर्जावर सह्या केल्या. कौन्सिलने त्या सगळ्यांची नावं पेपरात जाहिरात देऊन छापली. मग कुणाची नोकरी गेली, कुणाला दुकानदार माल देईना. बहुतेकांनी सह्या मागे घेतल्या. एकही गोळी न झाडता काम झालं.

1956 मध्ये तर राज्य सरकारनेच 'सॉव्हरेन्टी कमिशन' स्थापन केलं. चळवळीतल्या लोकांवर पाळत ठेवायची, त्यांच्या फायली बनवायच्या, हे त्याचं काम. सरकारी तिजोरीतला पैसा कौन्सिलच्या प्रचारालाही जायचा. राज्यात कृष्णवर्णीय 40 टक्क्यांहून जास्त होते, पण 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यातल्या 100 प्रौढांपैकी 7 जणांचीही नावं मतदार यादीत नव्हती.

या सगळ्यात एव्हर्स काम करत राहिले. 1955 मध्ये एमेट टिल या 14 वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा शेतमजुराच्या वेशात फिरून त्यांनी साक्षीदार शोधले. आरोपी तरीही सुटले. 1962 मध्ये जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देण्यात एव्हर्स यांचा हात होता. मेरेडिथ यांच्या प्रवेशावरून दंगल पेटली, दोन माणसं मेली. 1963 मध्ये जॅक्सनच्या दुकानांवर बहिष्कार सुरू झाला. मे महिन्यात एव्हर्स टीव्हीवर बोलले आणि त्यांचा चेहरा घराघरात पोहोचला. काही दिवसांतच त्यांच्या घरावर पेट्रोल बॉम्ब पडला.

11 जून 1963 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष केनेडींनी टीव्हीवरून नागरी हक्क कायद्याची घोषणा केली. मर्ली आणि मुलं एव्हर्स यांची वाट बघत जागी होती. मध्यरात्र उलटल्यावर ते गाडीतून उतरले आणि समोरच्या झाडीतून आलेली गोळी पाठीत घुसली. तासाभरात ते गेले. वय 37. माजी सैनिक म्हणून त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी मानवंदना मिळाली.

घटनास्थळाजवळ रायफल सापडली. तिच्या दुर्बिणीवर बायरन डी ला बेकविथच्या बोटाचा ठसा होता. हा खतं विकणारा माणूस सिटिझन्स कौन्सिलचा सदस्य होता. 1964 मध्ये दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरीत फक्त गोरे पुरुष. दोन्ही वेळा त्यांचं एकमत झालं नाही. माजी गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी तर कोर्टात येऊन आरोपीशी हात मिळवला. बेकविथ सुटला. 1967 मध्ये त्याने राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर पदाची निवडणूकही लढवली, पण हरला.

मर्ली यांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. 1989 मध्ये एका पत्रकाराने उघड केलं, की दुसऱ्या खटल्यात सॉव्हरेन्टी कमिशनने ज्युरीची माहिती काढून बचाव पक्षाला गुपचूप पुरवली होती. म्हणजे राज्याचा वकील आरोपीविरुद्ध लढत होता आणि राज्याचाच आयोग आरोपीला मदत करत होता!

प्रकरण पुन्हा उघडलं. या वेळी ज्युरीत आठ कृष्णवर्णीय आणि चार गोरे होते. 5 फेब्रुवारी 1994 ला बेकविथ दोषी ठरला. त्याला जन्मठेप झाली आणि शिक्षा भोगत असतानाच 2001 मध्ये तो मेला.

गोळी झाडणारा एकच होता. पण त्याला 31 वर्षं मोकळं ठेवायला पेपरातली जाहिरात, सरकारी फाईल आणि गव्हर्नरचा हात, सगळं लागलं होतं. पुढचं दार नसलेलं ते घर आज अमेरिकेचं राष्ट्रीय स्मारक आहे.