भोकांचा हिशेबनीस : हर्मन हॉलरिथ

सी च्या प्रॅक्टिकलला आपण बिनधास्त २० बाइटची जागा ठेवतो. आता फाइलमध्ये आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या 'नवेगाव बांध'चं नाव देवनागरीत लिहा आणि एफगेट्सने वाचा. हाती फक्त 'नवेगाव' लागतं, बांध फाइलमध्येच राहतो! कारण यूटीएफ-८ मध्ये मराठीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. या नावाला ३१, ओळ संपल्याची खूण १ आणि शेवटचं शून्य १, असे ३३ बाइट हवेत.

ही मापाची भानगड कॉम्प्युटरच्याही आधीची. तिच्या मुळाशी आहे हर्मन हॉलरिथ.

जन्म २९ फेब्रुवारी १८६०, अमेरिकेतल्या बफेलो शहरात, जर्मन घरात. शाळेत स्पेलिंगशी त्याचं हाडवैर. त्या तासाला तो पळ काढायचा म्हणे! १८७९ मध्ये तो कोलंबियातून खाण इंजिनिअर झाला आणि जनगणनेच्या कामाला लागला. १८८० च्या जनगणनेचे आकडे हातांनी जुळवायला सात-आठ वर्षं गेली. रेल्वेत तिकिटाला भोकं पाडून प्रवाशाचं वर्णन नोंदवतात, हे त्याने पाहिलं होतं. मग प्रत्येक माणसाचं एक कार्ड का नको? भोकातून सुई पाऱ्यात बुडाली की सर्किट पूर्ण, काटा एक घर पुढे! १८८९ मध्ये पेटंट मिळालं आणि १८९० मध्ये सव्वासहा कोटी माणसं या यंत्रांनी मोजली.

पण कार्डाची जागा ठरलेली. कुठल्या माहितीला किती रकाने द्यायचे, ते आधीच ठरवावं लागे. १८९६ मध्ये त्याने कंपनी काढली. पुढे भाड्यावरून जनगणना खात्याशी बिनसलं आणि खात्याने स्वतःची यंत्रं बनवली. १९११ मध्ये कंपनी दुसऱ्यांत विलीन झाली. तीच १९२४ मध्ये आयबीएम झाली. १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं. पुढच्याच वर्षी, १७ नोव्हेंबर १९२९ ला हॉलरिथ गेला.

कार्ड मात्र टिकलं. पुढे टर्मिनलची ओळही ८० अक्षरांची झाली. रकाने वाचवायला वर्षाचे दोनच आकडे लिहायची सवय लागली आणि १९९९ मध्ये तिने जगाला घाम फोडला.

नवेगावचा तलाव कोहळी लोकांनी बांधला. तलाव कितीही मोठा असो, सांडवा लागतोच. कोडचंही तसंच. मर्यादा ठेवा, पण ओळ पुरी आली की नाही ते तपासा आणि उरलेलं कुठे जाणार तेही ठरवा. नाहीतर व्हायवात आपलाच बांध फुटायचा!