चक कूपर : मैदानावरील पहिले पाऊल आणि पुढची वाट

सन 1950 हे वर्ष आम्ही वर्गात शिकवतो ते भारतीय संविधानाच्या अंमलबजावणीचे वर्ष म्हणून. त्याच वर्षी 25 एप्रिल रोजी अमेरिकेत घडलेली एक घटना मात्र क्रमिक पुस्तकात नाही. व्यावसायिक बास्केटबॉल संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत बॉस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी दुसऱ्या फेरीत चार्ल्स ऊर्फ चक कूपर यांचे नाव पुकारले. एनबीएच्या निवडीत कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव येण्याची ती पहिलीच वेळ होती.

कूपर यांचा जन्म 29 सप्टेंबर 1926 रोजी पिट्सबर्ग येथे झाला. वडील टपालवाटप करीत, आई शिक्षिका होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात सेवा बजावून ते पिट्सबर्गच्याच ड्युकेन विद्यापीठात दाखल झाले. डिसेंबर 1946 मध्ये टेनेसी विद्यापीठाचा संघ ड्युकेनविरुद्ध खेळण्यास आला. प्रेक्षक जमले होते. परंतु कूपर खेळणार असतील तर आम्ही मैदानात उतरणार नाही, अशी भूमिका पाहुण्यांनी घेतली. कूपर यांना बाहेर बसविण्याची हमी ड्युकेनने दिली नाही. सामना झालाच नाही. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या दोन घटना आम्हांला शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

1950 च्या हंगामात कूपर यांच्यासह अर्ल लॉइड व नॅट क्लिफ्टन हेही एनबीएत आले. प्रत्यक्ष सामन्यात लॉइड एक दिवस आधी, 31 ऑक्टोबरला उतरले. कूपर 1 नोव्हेंबरला. पहिला कोण, या वादात आम्हांला शिरावयाचे नाही. बंद दार तिघांच्या खांद्यांनी उघडले, हे खरे.

दार उघडले तरी उंबरठा शिल्लक होता. 1952 मध्ये उत्तर कॅरोलायनातील रॅले येथे सामन्यासाठी गेले असता तेथील हॉटेलात कूपर यांना मुक्कामास मनाई झाली. त्यांनी रात्रीच्या आगगाडीने परतण्याचे ठरविले. तेव्हा संघातील गोरे सहकारी बॉब कूझी हॉटेल सोडून त्यांच्याबरोबर निघाले. स्थानकावर गोऱ्यांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी वेगवेगळ्या स्वच्छतागृहांच्या पाट्या होत्या. त्या पाहून कूझी यांना लाज वाटली. पाणवठ्याची आठवण ज्यांच्या घरात आजही जिवंत आहे, त्या वाचकांना ही लाज निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

सेल्टिक्समध्ये कूपर चार हंगाम खेळले. बचाव करणे आणि उसळलेला चेंडू मिळविणे ही कष्टाची कामे त्यांच्या वाट्यास आली. गुण मिळवून नाव कमावण्याची संधी कमी मिळाली, ही खंत त्यांना होती. पुढे मिलवॉकी हॉक्स व फोर्ट वेन पिस्टन्स या संघांतून खेळून 1956 मध्ये त्यांची एनबीए कारकीर्द संपली.

अनेक खेळाडूंचे चरित्र येथेच थांबते. कूपर यांचे थांबले नाही. त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, पिट्सबर्गला परतून वस्त्यांमध्ये काम केले आणि पुढे त्या शहराच्या उद्यान व क्रीडा विभागाचे संचालकपद सांभाळले. ज्या शहरात ते लहानाचे मोठे झाले, तेथील मुलांच्या मैदानांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. 5 फेब्रुवारी 1984 रोजी त्यांचे निधन झाले. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले ते 2019 मध्ये, पस्तीस वर्षांनंतर.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी आपापल्या घरातील, गावातील पहिले पदवीधर ठरले. त्या पहिलेपणाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु कूपर यांचे चरित्र आम्हांला दोन प्रश्न विचारावयास लावते. पहिला पुढे गेल्यावर त्याने मागच्यांसाठी कोणते मैदान राखले? आणि एखाद्यास दाराबाहेर ठेवले जाते तेव्हा, आत जागा असूनही, आपण त्याच्याबरोबर बाहेर पडतो काय? उत्तर ज्याने त्याने स्वतःशी द्यावे.