स्वतःच्या मांडीत प्लास्टिक टोचून घेणारा सर्जन : कृत्रिम खुब्यामागची गोष्ट

रत्नागिरीतल्या घरांचा जांभा दगड जवळून पाहिला की त्यात भोकंच भोकं दिसतात. मांडीच्या हाडाचं वरचं टोकही आतून असंच जाळीदार असतं. फरक एवढाच की जांभा निर्जीव आणि हाड जिवंत. हा फरक किती महागात पडतो, हे सर जॉन चार्नली यांना कळलं ते सुमारे ३०० रुग्णांचे सांधे फसल्यावर.

चार्नलींचा जन्म १९११ साली इंग्लंडमधल्या बरी गावात झाला. वडील औषधविक्रेते, आई नर्स. दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम केल्यावर ते विगनजवळच्या राइटिंग्टन हॉस्पिटलात झिजलेल्या खुब्यांवर काम करू लागले.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती : घर्षण कमी करायचं. म्हणून त्यांनी स्टीलचा गोळा मुद्दाम लहान, जेमतेम २२ मिलिमीटरचा ठेवला आणि त्याला टेफ्लॉनची गुळगुळीत वाटी दिली. दाताच्या कवळीत वापरतात त्या जातीचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट हाडाच्या भोकांत भरलं. जांभ्याच्या भोकांत चुना जाऊन बसावा, तसं. ते डिंकासारखं चिकटवत नाही, फटी भरून भार सगळीकडे वाटतं.

सुरुवातीला रुग्ण आनंदात चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं.

नेमकं बिघडलं काय?

झिजलेले बारीक कण शरीराला परके वाटतात. पेशी ते गिळायला धावतात, पण पचवू शकत नाहीत. त्यातून सूज येते आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. भोवतालचं हाड पोखरलं जातं, सांधा सैल होतो.

चार्नलींनी चूक लपवली नाही. फसलेले सांधे काढण्यासाठी त्यांनी पुन्हा ऑपरेशनं केली. १९६२ मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी पॉलिथिलीनचा एक टणक प्रकार यंत्रावर घासून पाहिला. तो फारच कमी झिजत होता. मग चार्नलींनी टेफ्लॉन आणि पॉलिथिलीन, दोन्हींची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी नाही.

नोव्हेंबर १९६२ पासून नवी वाटी बसू लागली. पण एकदा पोळल्यामुळे त्यांनी हा सांधा इतर सर्जनना लगेच दिला नाही. काही वर्षं स्वतःच्याच रुग्णांवर नजर ठेवली. मृत्यूनंतर सांधा अभ्यासासाठी द्यावा, अशी विनंतीही ते रुग्णांना करत. कारण आतलं हाड कसं वागलं, हे त्यातूनच कळणार होतं.

हाडाचा आणखी एक स्वभाव आहे : भार मिळाला तर ते टिकतं, नाही तर विरळ होतं. फार ताठ धातूची दांडी सगळा भार स्वतःवर घेते आणि शेजारचं हाड बारीक होतं. म्हणून आजही दांडीचा आकार, धातू आणि पृष्ठभाग यांवर काम चालू आहे.

१९७७ मध्ये चार्नलींना ‘सर’ किताब मिळाला. १९८२ मध्ये ते वारले. लहान गोळा बदलत गेला, पण धातूच्या गोळ्याला पॉलिथिलीनची वाटी ही जोडी आजही कित्येक खुब्यांत आहे.