लंडनच्या माइकसमोरची वेणूताई

शिरूर-दौंडकडच्या जुन्या घरांत माळा आवरायला घेतला, की एखादा बंद पडलेला रेडिओ हमखास हाती लागतो. पुसून ठेवावा म्हटले तर बटणे निखळतात आणि टाकून द्यायला जीव होत नाही. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि आपल्या भागाला रेडिओवरची मराठी जवळची झाली. त्याच्याही अकरा वर्षे आधी एक मराठी तरुणी थेट लंडनहून बोलत होती. तिचे नाव वेणू चितळे.

जन्म २८ डिसेंबर १९१२ चा. गाव आपले शिरूर नव्हे, कोल्हापूरकडचे शिरोळ. शिक्षणासाठी ती पुण्याच्या हुजूरपागेत आली, पुढे मुंबईला गेली आणि १९३४ मध्ये आपल्या एका शिक्षिकेसोबत तिने विलायत गाठली. मुलींचे मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट मानली जाण्याचे ते दिवस. त्या काळात एका मराठी मुलीने बोटीत बसून सातासमुद्रापार जावे, याचे घरोघरी केवढे नवल झाले असेल!

मग महायुद्ध पेटले. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडू लागले. १५ ऑक्टोबरच्या रात्री खुद्द बीबीसीच्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि तिथली सात माणसे मरण पावली. नऊच्या बातम्या मात्र थांबल्या नाहीत. त्याच वर्षी वेणूताई बीबीसीत दाखल झाल्या.

तेव्हाच्या इंग्रज घराचा दिवस रेडिओभोवतीच फिरे. सकाळी आठला बातम्या. त्या संपल्या की सव्वाआठला स्वयंपाकघराचा पाच मिनिटांचा कार्यक्रम. अंडी, लोणी, साखर, मांस, सारेच रेशनवर. असेल त्यात घर कसे जेवू घालायचे, ते त्यात सांगत. रात्री नऊला बिग बेनचे टोले पडले, की घरातली माणसे हातातली कामे टाकून रेडिओपाशी जमत. त्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमातही वेणूताई बोलल्या. मांसाची टंचाई असताना बिनमांसाचे जेवणही चवदार होते, हे आपल्याकडच्या मुलीवाचून कोण सांगणार?

पण त्यांचे मुख्य काम हिंदुस्थानसाठीच्या विभागात होते. झुल्फिकार अली बुखारी त्याचे प्रमुख. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथे एक उंच, कृश लेखक रुजू झाला. बिहारातल्या मोतीहारीत जन्मलेला, जॉर्ज ऑर्वेल या नावाने लिहिणारा. त्याची सहायक म्हणून वेणूताईंनी काम केले. युद्धाचा साप्ताहिक आढावा ऑर्वेल इंग्रजीत लिही, त्याचे मराठी, गुजराती आदी भाषांत रूपांतर होई आणि तो हिंदुस्थानकडे प्रक्षेपित होई. मराठी आवाजांत वेणूताईंचाही आवाज होता.

इथेच खरा पेच होता. प्रत्येक संहिता आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाई. एवढ्यावर भागत नसे. वक्ता बोलत असताना स्विचवर हात ठेवून एक जण बसलेला असे. ठरल्यापेक्षा वेगळा शब्द आला, की आवाज बंद! वेणूताई तर स्वातंत्र्याच्या बाजूच्या. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी त्यांचा संबंध होता. ऑगस्ट १९४२ मध्ये इकडे नेत्यांची धरपकड झाली, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता. आणि ही मराठी मुलगी राज्यकर्त्यांच्याच माइकसमोर बसलेली!

याला चाकरी म्हणावे काय? तसे म्हणणे सोपे आहे. पण हिटलरचा विजय म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, असे मानणारेही अनेक देशभक्त होते. शिवाय पुणे, नगर, साताऱ्याकडचे कितीतरी जवान तेव्हा आफ्रिकेत आणि पुढे इटलीत लढत होते. गावात रेडिओ क्वचितच कुणाकडे असे. तरी मुलगा रणांगणावर असलेल्या आईला आपल्या भाषेत चार शब्द कळणे ही काही लहान गोष्ट नव्हती.

१९४२ च्या डिसेंबरातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. कवितेच्या एका कार्यक्रमासाठी माइकभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि जमैकाच्या ऊना मार्सन बसल्या आहेत, मागे ऑर्वेल उभा आहे. त्याच रांगेत डाव्या टोकाला वेणूताई बसलेल्या दिसतात. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्वेलने ती नोकरी सोडली. आपले कार्यक्रम हिंदुस्थानात फारसे कुणी ऐकत नाही, असे त्याला वाटू लागले होते.

१९४७ च्या अखेरीस वेणूताई स्वतंत्र देशात परतल्या. १९५० मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी ‘इन ट्रान्झिट’ प्रसिद्ध झाली. तिच्यात पुण्यातल्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या आहेत. इथे संहिता त्यांची स्वतःची होती आणि स्विचवर कुणाचाही हात नव्हता. लग्नानंतर त्या लीला खरे झाल्या आणि संसारात रमल्या. १ जानेवारी १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यासोबत काम करणारा ऑर्वेल जगभर वाचला जातो. वेणूताईंचे नाव मात्र आपल्याच घरांत फारसे पोहोचले नाही. छापलेला शब्द कपाटात राहतो, बोललेला हवेत विरतो. माळ्यावरचा तो जुना रेडिओ पुढच्या खेपेस पुसायला घ्याल, तेव्हा नातवंडांना एवढे जरूर सांगा, की बॉम्बच्या वर्षावात लंडनहून बोलणारा एक आवाज आपल्या मराठीचाही होता.